हाताच्या अंतरावर

अहमदपूर मागे टाकून एसटी लातूरकडे निघाली की बालाघाटच्या माथ्यावरचं झाड न् झाड ओळखू येतं. हातातल्या तिकिटावरचे आकडे मात्र लागत नाहीत. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात संध्याकाळी गुरु गोविंदसिंगांच्या शस्त्रांचं दर्शन घडवतात, तेव्हा गर्दीत मागे उभं राहूनही मला तलवारीची धार दिसते. घरी येऊन स्वतःचं पिस्तूल उचललं, की त्याचं टोक धुक्यात. पन्नाशीची वाटणी ही अशी उलटी.

पिस्तूल जुनं आहे. फाइनवेर्कबाउ ६५, बाजूची दांडी ओढून स्प्रिंग ताणायचं जर्मन एअर पिस्तूल. १९६५ पासून ही घडण बनू लागली. छर्रा सुटताना नळीसकट सगळी यंत्रणा रुळावरून मागे सरकते आणि स्प्रिंगचा धक्का पोटात घेते. मनगटाला पत्ता लागत नाही. त्याचा नेम अजून तसाच आहे. म्हातारा झाला तो डोळा.

दहा मीटरवरच्या लक्ष्यात दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, रुपयाच्या नाण्याच्या जेमतेम निम्म्या रुंदीचं. नवशिका त्याच्याकडेच टक लावून पाहतो आणि तिथेच फसतो. हात सरळ तसाच एक मिलिमीटर बाजूला गेला, तर छर्राही मिलिमीटरभरच सरकतो. पण पिस्तुलाच्या मागच्या खाचेत पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा उंचवटा, एक मिलिमीटर कलली, तर दोहोंमध्ये तीसेक सेंटीमीटरचंच अंतर असल्याने छर्रा तेहतीस मिलिमीटर भरकटतो, थेट काळ्या गोलाबाहेर. म्हणून शिकवणारे बजावतात: लक्ष्य पुसट राहू दे, माशी धारदार दिसू दे.

तरुण डोळ्यातलं भिंग लवचिक. बोलावलं की माशीवर येऊन थांबतं. वयानं ते कडक होतं. मग काळा गोल लख्ख दिसतो आणि माशीच्या कडा विरघळतात. ज्या मोहातून सुटायला उमेदीची वर्षं घातली, तोच मोह आता डोळा स्वतः पुढे करतो.

लातूरच्या चष्मेवाल्याने विचारलं, ‘‘काका, लांबचा की वाचायचा?’’ मला दोन्ही नको होते. वाचायचा चष्मा दीड फुटाशी अडतो. माशी असते ताणलेल्या हाताच्या टोकाला. असल्या अंतराचा चष्मा त्याच्याकडे कुणी मागितलाच नव्हता. शेवटी लांबच्या नंबरात पाऊण डायॉप्टर वाढवून उजव्या डोळ्यापुरतं भिंग करून घेतलं. माशीच्या कडा परतल्या. लक्ष्य पुसट झालं, आणि बरं वाटलं.

स्वीडनच्या ऑस्कर स्वान यांनी १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये ७२ व्या वर्षी नेमबाजीचं रौप्यपदक जिंकलं, तेव्हा वेळ अजून गेलेली नाही. वाटेत मोतीबिंदू येईल. त्याचं भय वाटत नाही. लाखाहून अधिक मोतीबिंदू काढणारे डॉ. तात्याराव लहाने आमच्या लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचेच. पण आत बसवलेलं साधं कृत्रिम भिंग कायमचं एकाच अंतराचं असतं, आणि ते अंतर आधी ठरवावं लागतं. बहुतेक जण लांबचं घेतात. मी हाताच्या अंतराचं मागणार आहे. लांबचं काय चाललंय ते कुणीही सांगेल, पेपर नातू वाचून दाखवेल. पण हाताच्या टोकाशी असतं ते, दाराची कडी, समोर बसलेल्या माणसाचा चेहरा, पिस्तुलाची माशी, दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहता येत नाही.