थांबलं, म्हणजे बरं झालं?

लघवीतून रक्त गेलं, की आपल्याकडे निदान घरातच होतं. 'उन्हाळी लागली', 'उष्णता वाढली'. मग धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, वाळा सुरू. दोन दिवसांत लघवी स्वच्छ होते आणि सब्ज्याचा गुण आला म्हणून सगळे निर्धास्त होतात. मूत्ररोगतज्ज्ञ म्हणून माझं भांडण सब्ज्याशी नाही, त्याला मिळणाऱ्या या श्रेयाशी आहे.

मूत्राशयातल्या गाठीतून रोज रक्त जातंच असं नाही. तिच्या पृष्ठभागावरची एखादी नाजूक रक्तवाहिनी फुटते, लघवी लाल होते. मग रक्त साकळून ते तोंड बंद होतं. पुढचे काही आठवडे, कधी महिनेही, लघवी निर्मळ असते. गाठ मात्र जागच्या जागी वाढत राहते. त्या दोन दिवसांत घेतलेल्या अँटिबायोटिकलाही असंच फुकटचं श्रेय मिळतं. बायकांच्या बाबतीत हे फार होतं. 'इन्फेक्शन' म्हणून गोळ्यांचे कोर्स होतात. लघवीचं कल्चर कुणी केलेलंच नसतं.

एक निवृत्त एसटी कंडक्टर बायकोच्या आग्रहाखातर आले होते. वर्षभरात तीनदा लाल लघवी. "दुखत काहीच नाही हो डॉक्टर, हिलाच घोर लागलाय." तरुणपणापासून बिडी. दुर्बिणीने पाहिलं, तर डाव्या मूत्रवाहिनीच्या तोंडाशेजारी बोराएवढी गाठ. तिचे बारीक झुपके सलाईनच्या धारेत शेवाळासारखे हलत होते. ते स्वतः पडद्यावर बघत होते. "एवढं आहे, तर दुखलं कसं नाही?"

मुतखडा मूत्रवाहिनीत अडकतो, वर लघवी तुंबते, ताण पडतो, म्हणून माणूस मध्यरात्री दवाखाना गाठतो. मूत्राशयातली गाठ सहसा काहीच अडवत नाही. त्यांची गाठ स्नायूपर्यंत पोहोचली नव्हती. दुर्बिणीतूनच खरवडून काढली, मूत्राशय वाचलं. मात्र ती पुन्हा उगवू शकते, म्हणून तपासणी सुरूच आहे.

बिडी-सिगरेटच्या धुरातली रसायनं रक्तातून मूत्रपिंडात आणि तिथून लघवीत उतरतात. ती लघवी मूत्राशयात तासन्‌तास साठून राहते. रसायनांचं हे नातं जुनं आहे. 1895 मध्ये फ्रँकफर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांनी रंगांच्या कारखान्यातल्या कामगारांमध्ये मूत्राशयाच्या गाठी नोंदवल्या होत्या.

लाल लघवी म्हणजे कर्करोगच, असं मुळीच नाही. खडा, जंतुसंसर्ग, वाढलेली प्रोस्टेट ही कारणं बरीच जास्त आढळतात. बीट खाल्ल्यानं किंवा क्षयाच्या रिफाम्पिसिननंही रंग बदलतो. हा फरक लघवीच्या साध्या तपासणीत कळतो. पुढे सोनोग्राफी, आणि वय, तंबाखू पाहून दुर्बीण. रक्त पातळ करणारी गोळी चालू असली, तरी सगळं खापर तिच्यावर फोडू नका, तपासणी कराच. गुठळ्या येऊन लघवी अडली, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

आणि डॉक्टरांसमोर बसल्यावर 'आता थांबलंय' हे शेवटी सांगा. आधी सांगा, की रक्त दिसलं होतं.