कॉन्टेसाचं मागचं अंग

कोल्हापुरात जुन्या गाड्यांचा नाद असलेली माणसं पुष्कळ, पण कॉन्टेसा गेली की ज्याला गाड्यांतलं काही कळत नाही तोही मान वळवतो. लांब सपाट बॉनेट, चौकोनी चेहरा, रुंद खांदे आणि टनाहून जास्त वजन घेऊन रस्त्याला टेकून चालायची ढब. भवानी मंडपाच्या गर्दीतसुद्धा ही बाई अंग चोरत नाही. एके काळी हिच्यातून पुढारी आणि मोठे साहेब उतरायचे. आजची पोरं हिला कौतुकानं ‘आपली मसल कार’ म्हणतात.

रूपापुरतं ते खरं आहे. नशीब मात्र उलटं. अमेरिकेत पाँटिअ‍ॅकनं 1964 साली मध्यम अंगाच्या गाडीत 389 घन इंचांचं, म्हणजे जवळपास साडेसहा लिटरचं इंजिन घालून जीटीओ काढली आणि तिथून मसल कारचं युग बहरलं. आमच्या कॉन्टेसाला शरीर मोठं मिळालं, इंजिन लहान. हिंदुस्थान मोटर्सनं इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हीएक्सचे साचे आणले आणि 1984 मध्ये त्या भारदस्त देहात अँबॅसिडरचंच 1489 सीसीचं, 50 अश्वशक्तीच्या आसपासचं इंजिन बसवलं. चढ आला की ती दमायची. पुढे इसुझूचं 1817 सीसीचं इंजिन आलं, ताकद 85 च्या घरात गेली आणि ती खरी कॉन्टेसा झाली. पण त्या इंजिनाबरोबर पाच गिअरची नवी पेटीही आली, हे विसरू नये. कंपनीला ठाऊक होतं की ताकद एकटी आणून भागत नाही.

2002 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. तेव्हापासून शौकिनांच्या मनात एकच विचार घोळतो: हिला आणखी दांडगं इंजिन दिलं तर? आणि असा विचार करायला कोल्हापूरइतकं धोक्याचं गाव नाही. शिवाजी उद्यमनगरात लेथ आहेत, शिरोली आणि गोकुळ शिरगावात फौंड्र्या आहेत, लोखंडाला हवा तो आकार देणारे हात आहेत. माउंटिंग होईल, इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी प्लेट होईल. ‘बसतंय की!’ हे उत्तर इथं ठरलेलंच. ते झेपतंय का, हे मात्र गाडीखाली झोपल्याशिवाय कळत नाही.

खासबाग कुस्ती मैदानाच्या मातीत नुसत्या दंडांवर कुस्ती निघत नाही, मांड्या आणि कंबर लागते. कॉन्टेसाची कंबर म्हणजे तिचा मागचा एक्सल: क्राऊन, पिनियन आणि चाकांकडे जाणारे दोन शाफ्ट. इंजिनचा पीळ, म्हणजे टॉर्क, तिथं पोचेपर्यंत कितीतरी पट होतो. समजुतीसाठी आकडे धरू. इंजिनचा पीळ 10 किलोग्रॅम-मीटर, पहिला गिअर साडेतीनचा, क्राऊन-पिनियन चारचं. गुणाकार 14 पट, म्हणजे एक्सलवर 140. इंजिनचा पीळ दुप्पट केला तर 280.

पण हे 280 तिथं सगळेच्या सगळे पोचत नाहीत, कारण मध्ये टायर आहे. मागच्या चाकांवर 600 किलो भार, चाकाची त्रिज्या 30 सेंटिमीटर, कोरड्या डांबरावर पकड 0.8 धरली तर 144 च्या आसपास टायर घसरायला लागतो आणि एक्सलवरचा ताण तिथंच थांबतो. अरुंद टायर हा या म्हातारीचा रक्षक आहे. म्हणून जास्त पकडीचे रुंद टायर चढवणाऱ्यांची मला काळजी वाटते. तसंच, पाच माणसं आणि सामान भरून गगनबावड्याचा करूळ घाट चढताना मागचा भार वाढतो, टायर घट्ट धरतो आणि सगळा पीळ बिचाऱ्या दातांवर येतो. त्यातच कुणी चढावर क्लच एकदम सोडला, तर तो धक्का कुठल्याच हिशेबात बसत नाही. शाफ्ट तुटतात ते बहुधा अशा झटक्यांनी.

गिअरबॉक्सचं दुखणं वेगळं. वरच्या गिअरमध्ये टायर घसरत नाही, त्यामुळे तो तिला वाचवायला येत नाही. पुणे-बंगळूर महामार्गावर पाय दाबून धरला की नव्या इंजिनचा पूर्ण पीळ तासन्‌तास क्लच आणि गिअरपेटी सोसतात. आणि नवी पेटी लांबीला वेगळी असेल तर प्रोपेलर शाफ्ट कापून, जोडून पुन्हा बॅलन्स करावा लागतो. दोन्ही टोकांच्या सांध्यांचे, म्हणजे क्रॉसचे, कोन जुळले नाहीत तर गाडीभर थरथर सुरू होते.

कॉन्टेसा तक्रार करते, पण हळू आवाजात. गिअर टाकताना मागून ‘टक्’ आला तर क्रॉस किंवा दातांमधली फट वाढलेली असते. पाय दाबला की घुंई आणि सोडला की वेगळा सूर, म्हणजे क्राऊन-पिनियन उघडून दातांना निळा रंग लावून ते कुठं घासतात हे बघायची वेळ झाली. असा आवाज असताना बॉनेटखाली नवं इंजिन घालणं मला अन्यायाचं वाटतं.

माझं मत स्पष्ट आहे. 1489 सीसीच्या कॉन्टेसाला इसुझूचं 1817 सीसीचं इंजिन त्याच्या पाच गिअरच्या पेटीसह द्यावं, तेही क्राऊन, बेअरिंगं, क्रॉस आणि ब्रेक तपासल्यावर. पीळ दुप्पट करायचा असेल तर आधी मजबूत एक्सल आणि चांगले ब्रेक, मग इंजिन. आणि स्पॅनर उचलण्याआधी आरटीओत जा: मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आरसीतले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे ठरतील असे बदल परस्पर करू देत नाही, आणि आरसी बुकात इंजिन नंबर नोंदलेला असतो. परवानगी मिळत नसेल, तर जे इंजिन आहे तेच नीट बांधून घ्या.