वाट्याचा समुद्र

अलास्काच्या जहाजाचं आरक्षण करायला बसलं की तारीख, मार्ग, बंदरं हे सगळं अर्ध्या तासात ठरतं. मग पडद्यावर जहाजाचा नकाशा उघडतो आणि तिथे घरोघरी गाडी अडते. आतली केबिन घ्यायची की बाल्कनीची? जेवण दोघांना तेच, बंदरं तीच, संध्याकाळचे गाण्या-नाटकांचे कार्यक्रमही तेच. फरक एका काचेच्या दाराचा आणि त्यापलीकडच्या दोन खुर्च्यांचा. पण तेवढ्यासाठी भाडं अनेकदा दीडपटीच्या घरात जातं. सिअ‍ॅटलला किंवा सॅन होजेला राहणाऱ्या मराठी घरांत हा प्रश्न उन्हाळ्यात हमखास निघतो, कारण पुण्या-नाशिकहून आईवडील आलेले असतात आणि त्यांना अलास्का दाखवायचा बेत असतो. आईवडिलांचं उत्तरही ठरलेलं असतं: "आम्हाला कशाला बाल्कनी? पाठ टेकायला जागा असली की झालं."

हे उत्तर मी अनेक घरांत ऐकलं आहे, आमच्याही घरात ऐकलं आहे. मला ते पटत नाही. पण ते का पटत नाही हे सांगण्याआधी आतल्या केबिनची बाजू मांडायला हवी, कारण ती बाजू मुळीच कमजोर नाही.

आतली केबिन म्हणजे साधारण दीडशे-पावणेदोनशे चौरस फुटांची खोली. पलंग, छोटं टेबल, कपाट, न्हाणीघर. खिडकी नाही. दिवा मालवला की असा अंधार होतो की स्वतःचा हात दिसत नाही. उत्तरेकडच्या प्रवासात या अंधाराचं मोल कळतं. जून महिन्यात अलास्कातल्या जुनोला पहाटे चारच्या सुमाराला उजाडतं आणि रात्री दहापर्यंत उजेड रेंगाळतो. पडद्यांच्या फटींतून येणाऱ्या त्या उजेडात बाल्कनीवाले कूस बदलत असतात, तेव्हा आतले लोक गाढ झोपलेले असतात. शिवाय ज्यांना बोट लागते त्यांच्यासाठी जहाजाचा मधला आणि खालचा भाग चांगला. जहाज पुढेमागे डुलतं तेव्हा टोकं सर्वांत जास्त वरखाली होतात आणि मधला भाग सर्वांत कमी; बाजूंना झुकतं तेव्हा वरचे मजले जास्त हेलकावतात. महागड्या बाल्कन्या बहुधा वरच्या मजल्यांवर असतात. मात्र पोटात ढवळायला लागलं की क्षितिजावर नजर ठेवणं हा जुना आणि खरा उपाय. कानाच्या आतला तोल सांगतो की आपण हलतो आहोत आणि डोळे सांगतात की भिंत स्थिर आहे. या भांडणातून मळमळ होते. क्षितिज दिसलं की भांडण बरंचसं मिटतं. म्हणजे आतल्या खोलीत हालचाल कमी पण क्षितिज नाही, बाल्कनीत क्षितिज आहे पण हालचाल जास्त. दोघांचंही पारडं जड आहे आणि दोघांचंही हलकं.

आतल्या खोलीची खरी उणीव वेळेची. सकाळ झाली की नाही, बाहेर पाऊस आहे की ऊन, किनारा जवळ आला का, यातलं काहीच खोलीत पोचत नाही. अनेक जहाजांवर टीव्हीच्या एका वाहिनीवर जहाजाच्या पुढच्या टोकावरच्या कॅमेऱ्याचं चित्र चालू असतं. सराईत प्रवासी रात्री टीव्हीचा आवाज बंद करून ती वाहिनी लावून ठेवतात. पहाटे पडदा उजळला की खोली उजळते. या युक्तीचंच पुढचं रूप कंपन्यांनी काढलं. डिस्नेच्या 'ड्रीम' या जहाजावर 2011 साली आतल्या केबिनमध्ये गोल खिडकीसारखे पडदे बसले आणि त्यात बाहेरच्या कॅमेऱ्यांतला समुद्र दिसू लागला. 2014 मध्ये रॉयल कॅरिबियनच्या 'नॅव्हिगेटर ऑफ द सीज'वर जमिनीपासून छतापर्यंतचे पडदे आले. त्यांचं चित्र फसवं नसतं, बाहेर घडतंय तेच त्या क्षणी आत दिसतं. तरी त्या समुद्राला वारा नसतो, वास नसतो, गारठा नसतो. अलास्काच्या समुद्राची निम्मी ओळख तर गारठ्यानेच होते.

मुळात प्रवाशाला स्वतःपुरता समुद्र द्यायची पद्धत जुनी नाही. पूर्वीच्या मोठ्या जहाजांवर श्रीमंतालाही बहुधा गोल खिडकीच मिळे; समुद्र पाहायचा तर डेकवर जाऊन आरामखुर्ची धरायची. 1984 साली साउदॅम्प्टनला राजकन्या डायना यांच्या हस्ते 'रॉयल प्रिन्सेस' या जहाजाचं नामकरण झालं. फिनलंडमध्ये बांधलेल्या या जहाजात एकही केबिन आतली नव्हती आणि बऱ्याच केबिनना बाल्कनी होती. जीवरक्षक होड्या वरच्या डेकवरून खाली आणल्या की वरचे मजले मोकळे होतात आणि समुद्राला भिडतात, हे जहाजबांधणीतलं गणित पुढे सर्वांनी उचललं. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत जहाजांच्या दोन्ही बाजू बाल्कन्यांच्या जाळीने भरून गेल्या. मुंबईहून 2021 पासून गोव्याकडे आणि लक्षद्वीपकडे सुटणारी कॉर्डेलिया कंपनीची 'एम्प्रेस' 1990 ची, त्या लाटेच्या आधीची. म्हणून तिच्यावर बाल्कन्या मोजक्याच आहेत आणि आतल्या केबिन भरपूर.

आता अलास्काकडे वळते, कारण बाल्कनीचा खरा कस तिथेच लागतो. ग्लेशियर बे या राष्ट्रीय उद्यानात एका दिवसात जास्तीत जास्त दोनच मोठ्या प्रवासी जहाजांना प्रवेश मिळतो. सकाळी बार्टलेट कोव्हपाशी एक छोटी बोट जहाजाला येऊन भिडते आणि उद्यानाचे रेंजर शिडीने वर चढतात. मग दिवसभर ध्वनिक्षेपकावर तेच उपसागराची गोष्ट सांगतात. 1794 साली ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकूव्हर यांच्या मोहिमेतली माणसं इथे आली तेव्हा उपसागर जवळजवळ नव्हताच, बर्फ थेट तोंडाशी होता. 1879 मध्ये निसर्ग-अभ्यासक जॉन म्यूर आले तेव्हा तो कितीतरी किलोमीटर मागे सरला होता. आज शंभर किलोमीटरच्या वर आत जावं लागतं. त्याही आधी, बर्फ पुढे सरकत आला तेव्हा हूना ट्लिंगिट या मूळ रहिवासी लोकांना इथलं आपलं घर सोडून जावं लागलं होतं. 2016 साली त्यांचं सामुदायिक घर बार्टलेट कोव्हच्या किनाऱ्यावर पुन्हा उभं राहिलं.

शेवटी मार्जरी हिमनदीसमोर जहाज थांबतं. सुमारे दीड किलोमीटर रुंदीची निळसर भिंत, पाण्यावर पंचवीस मजल्यांइतकी उंच. खडकांच्या पिठाने पाणी दुधाळ हिरवं झालेलं. भिंतीचा तुकडा सुटतो, तो पडताना आधी दिसतो आणि मग गडगडाट येतो. कप्तान इथे जहाज सावकाश जागच्या जागी फिरवतो, म्हणजे डाव्या आणि उजव्या, दोन्ही बाजूंच्या बाल्कन्यांना हिमनदी दिसावी. वरच्या डेकवर उभ्या असलेल्याला ही वाट पाहावी लागत नाही. त्याला सगळ्या बाजू मोकळ्या असतात. तिथे कुणीतरी "तिकडे, तिकडे!" ओरडतं आणि शंभर माना एकदम वळतात. देवमाशाचा फवारा, तरंगत्या बर्फावर पहुडलेला सील, उंच कड्यावरचे पांढरे बकरे, हे एकट्या डोळ्यांना सापडत नाही. अनोळखी माणसं एकमेकांच्या हातात दुर्बीण देतात. आतल्या केबिनमधला माणूस तिथे पोचलेला असतोच, कारण त्याला खोलीत थांबायला काही कारणच नसतं. या प्रवासातला सर्वोत्तम समुद्र त्याला फुकट मिळतो, हे मी मनापासून मान्य करते.

पण तो समुद्र मिळवायला पाय लागतात. थंडी सोसायची ताकद लागते, लिफ्टपाशी ताटकळायचा धीर लागतो, गर्दीत कठड्यापर्यंत सरकायचा जोम लागतो. माझ्या आईचे गुडघे सत्तरीनंतर तिला साथ देत नाहीत. आम्ही तिच्यासाठी आणि बाबांसाठी बाल्कनीची केबिन घेतली, आमच्यासाठी आतली. ती शेवटपर्यंत म्हणत होती, "तुम्ही घ्या ती, तुमची हौस करायची वर्षं आहेत." हिमनदीच्या दिवशी मात्र शाल आणि वरून जहाजाची पांघरुणं घेऊन ती सकाळपासून बाल्कनीतल्या खुर्चीत बसली होती. मधेच आत येऊन पलंगावर आडवी व्हायची, पुन्हा बाहेर जायची. कोणाला विचारायला नको, कोणाला ओढत न्यायला नको, "माझ्यामुळे तुम्हाला खाली यावं लागलं" हे म्हणायला नको. आपल्या वेळेने, आपल्या दमाने ती बर्फ पाहत होती. आयुष्यभर घरातल्या सगळ्यांच्या वेळा सांभाळणाऱ्या बाईला स्वतःच्या वेळेने काहीतरी पाहता येणं, हे मला त्या दीडपट भाड्यापेक्षा फार मोठं वाटलं.

बाबा मात्र चहा झाला की वर डेकवर निघून जायचे. त्यांचा समुद्र वेगळ्या सवयीचा आहे. तरुणपणी ते भाऊच्या धक्क्यावरून कोकण बोटीने गावी जात. केबिन हा शब्द त्यांच्यासाठी नव्हताच. अप्पर डेकवर सतरंजी पसरायला जागा मिळाली म्हणजे गंगेत घोडं न्हालं. इंजिनाच्या उष्ण वासाने खालच्या डेकवरची माणसं हैराण होत, वर वारा असे. मालवणला बोट खोल पाण्यात उभी राही आणि पडाव तिला येऊन भिडत. आजही अलास्काच्या सरकारी फेरीबोटींवर, 1963 पासून चालू असलेल्या त्या सेवेत, केबिन न घेता डेकवर तंबू ठोकून दिवसच्या दिवस जाणारे प्रवासी असतात. हे ऐकल्यावर बाबांचा चेहरा खुलला. त्यांना समुद्र माणसांच्या सोबतीने पाहायची ओढ आहे, आईला स्वस्थ बसून. एकाच खोलीतल्या दोन माणसांना दोन वेगळे समुद्र हवे होते आणि ते दोन्ही तिथे मिळाले.

खोली ही फक्त झोपायची जागा आहे, या समजुतीला फेब्रुवारी 2020 मध्ये मोठा तडा गेला. कोरोनाच्या साथीमुळे जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' हे प्रवासी जहाज अडकलं. जहाजावर 3,711 माणसं होती. 5 फेब्रुवारीपासून प्रवाशांना खोलीतच राहायला सांगण्यात आलं. बाल्कनीवाल्यांना निदान हवा होती, उजेड होता, शेजारच्या बाल्कनीतला आवाज होता. खिडकी नसलेल्या खोल्यांतल्या लोकांना ठरावीक वेळेपुरतं डेकवर फिरू देत. पुढे आजारी वृद्धांच्या बरोबरीने, खिडकी नसलेल्या खोल्यांतल्या वृद्धांना किनाऱ्यावर नेण्यात अग्रक्रम मिळाला. खिडकी माणसाची गरज आहे हे तेव्हा सरकारी निर्णयाने कबूल केलं. आणि त्याच काळात जहाजावरचे एक हजारांहून अधिक कर्मचारी खालच्या मजल्यांवर, दोघा-दोघांच्या खोल्यांत राहून बाकीच्यांचं जेवण पोचवत होते. त्यांत 132 भारतीय होते.

या लोकांचा विचार केल्याशिवाय माझा हा प्रश्न पुरा होत नाही. गोव्यातल्या कितीतरी घरांचा माणूस बोटीवर असतो. आमची खोली आवरणाऱ्या, ताट मांडणाऱ्या मुलांत गोव्याचे, मुंबईचे चेहरे होते. महिनोन्‌महिने समुद्रावर राहणारी ही मुलं बहुतेक बिनखिडकीच्या सामायिक खोल्यांत झोपतात. जहाजावर सर्वांत जास्त काळ असणाऱ्याच्या वाट्याला सर्वांत कमी समुद्र येतो. बाल्कनीत बसताना हे आठवलं पाहिजे. त्यामुळे सुखाला ओशाळायची गरज नाही, पण खोली आवरणाऱ्याशी बोलताना आपला आवाज बदलतो.

मला खरी काळजी वाटते ती सगळ्यांच्या डेकची. अलीकडच्या काही मोठ्या जहाजांवर जादा पैसे भरणाऱ्यांसाठी जहाजातच वेगळं जहाज असतं: वेगळं जेवणघर, वेगळा पोहण्याचा तलाव, वेगळा उघडा डेक. मुंबईत समुद्र दिसणाऱ्या घराला कोट्यवधी रुपये पडतात, पण मरीन ड्राइव्हचा कठडा सगळ्यांचा आहे आणि त्यामुळेच ते शहर सोसवतं. जहाजाचा पुढचा डेक हा तसा कठडा आहे. तो मोकळा असेल तर आतली केबिन ही शहाणपणाची निवड ठरते. त्यावर दोर बांधले गेले तर ती शिक्षा होते. म्हणून जहाज निवडताना केबिनच्या आधी उघड्या डेकचा नकाशा पाहावा, विशेषतः पुढच्या बाजूचा.

आणि केबिन निवडताना आधी बरोबरची माणसं पाहावीत. जिन्यापाशी थांबणारं कोण आहे? दुपारी आडवं व्हावं लागणारं कोण आहे? तान्ह्या बाळाला झोपवून ज्या आईला खोलीतच थांबायचं आहे, ती तीन तास काय पाहणार? नुकतंच जवळचं माणूस गमावलेलं, गर्दीत श्वास कोंडणारं कोणी आहे का? बाल्कनी त्यांची. ज्याला समुद्रापर्यंत जाता येत नाही त्याच्यापर्यंत समुद्र यावा, एवढ्यासाठी ते पैसे मोजावेत आणि ते मोजताना हात आखडू नये. धडधाकट असलेल्यांनी आतली केबिन आनंदाने घ्यावी, कानटोपी आणि जाड जाकीट बरोबर ठेवावं, पहाटे उठून डेक गाठावा. आईवडील "आम्हाला कशाला" म्हणतील. तेव्हा त्यांच्याशी वाद घालत बसू नये. नाव त्यांचं घालून बाल्कनीचं आरक्षण करून टाकावं.