वाफसा

गव्हाला पाणी कधी द्यायचं, हे आमच्या माळावर गव्हानं कधी ठरवलंच नाही. ते लाईटनं ठरवलं. एक आठवडा दिवसा आठ तास, दुसरा आठवडा रात्री दहा तास. थ्री फेज आली की मोटर सुरू, आणि मोटर सुरू झाली की माणूस रानात. मग पौषातली थंडी का असेना.

रात्रीची दारं आबा धरायचे. एका हातात बॅटरी, दुसऱ्यात खोरं. सारा भरला की त्याचं दार बांधायचं, पुढच्याचं फोडायचं. अशाच एका पाळीला चुलत्यांना घोणस डसली. जीव वाचला, पण पाय कायमचा अधू झाला. तेव्हापासून आबांनी आम्हा पोरांना रात्री रानात पाऊल टाकू दिलं नाही. स्वतः मात्र जात राहिले. आई ओट्यावर बसून रानातला उजेड बघायची. उजेड बराच वेळ एका जागी थांबला की हाक मारायची, “अवोऽ!” तिकडून ओ आली की मगच पदर सावरून टेकायची.

थोरल्या भावानं तुषार संच घेतला. लाईट आल्यावर आपोआप मोटर चालू करणारा ऑटो गावात जुनाच होता. पण एक लाईन भिजली की दुसरीचा वाल फिरवायला माणूस लागायचाच. भावानं विजेवर उघडणारे वाल बसवले आणि पाळीचं घड्याळ मोटरच्याच विजेवर जोडलं. लाईट गेली की घड्याळ थांबतं, आली की उरलेली मिनिटं पुढं मोजतं. म्हणजे कुठली लाईन अर्धी राहत नाही.

किती वेळ लावायचा? त्यानं गव्हात रिकामे डबे मांडले, तासभर नोझल फिरू दिले आणि पट्टी घालून पाणी मोजलं. सेंटिमीटरभर निघालं. आमच्या मध्यम रानाला एका पाळीला पाच सेंटिमीटर पुरे, म्हणून एका लाईनला पाच तास. रात्रीच्या दहा तासांत दोन लाईनी. शिवाय रात्री वारा पडलेला असतो; दुपारसारखे फवारे उडून शेजाऱ्याच्या रानात जात नाहीत. ज्या रात्रपाळीला शिव्या घातल्या, तीच कामाला आली.

मोटरीच्या खोलीत त्यानं खडूनं लिहून ठेवलं : मुकुटमुळं 18 ते 21 दिवस, कांडी 40 ते 45, फुलोरा 60 ते 65, दाणा चिकात 80 ते 85.

आबा ते वाचून म्हणाले, “घड्याळाला वल कळती व्हय रं?”

भाव गप्प बसला. कारण प्रश्न खरा होता. घड्याळ तास मोजतं, माती नाही. ढगाळ हवेत ओल टिकते, वारं सुटलं की लवकर उडते. आबा आजही सकाळी रानात जातात, वीतभर उकरून मूठभर माती दाबतात. हाताला चिकटली तर थांबायचं. गोळाच होईना तर पाणी द्यायचं. ना चिखल, ना कोरडी, मुळांना ओल आणि हवा दोन्ही मिळतील अशी ती मधली अवस्था म्हणजे वाफसा. तो असला की पाळी पुढं ढकलायची.

“आज ठिव बंद. वाफसा हाय अजून,” आबा म्हणतात, आणि भाऊ वाद न घालता ऑटोचा खटका खाली ओढतो.

लाईट कधीही येवो, आई आता रात्री झोपते.