‘विथ’चा अर्थ

१६०८ साली हॉकिन्स ज्या सुरतेस जहाज घेऊन आला, तेथेच मी वकिली करतो. दस्तऐवजांत ‘विथ’ हा इंग्रजी शब्द नित्य भेटतो. लेखणीने लिहावे तेथे ‘विथ’, मित्राबरोबर चालावे तेथे ‘विथ’, शत्रूशी झगडावे तेथेही ‘विथ’च!

१८४७ साली निवर्तलेल्या हेन्री लाइट यांच्या ‘अबाइड विथ मी’ या, गांधीजींना प्रिय असलेल्या गीतात मात्र त्याचा अर्थ निराळा आहे. मराठी ‘बरोबर’, कोकणी ‘वांगडा’, गुजराती ‘साथे’ म्हणताच सहप्रवासी डोळ्यांपुढे येतो. पण या गीतातील भक्ताची वाट सरली आहे. देवाने आता उशाशी थांबावे, एवढेच त्याचे मागणे. म्हणून येथे ‘विथ’ म्हणजे ‘पाशी’. माझ्या आईनेही अखेरच्या रात्री ‘माझ्यापाशी बैस’ एवढेच म्हटले होते.