आठ पाकिटं

तीस वर्षं उत्तनच्या दर्यावर काढली, पण रात्री दोनला पोटरीत पेटका आला की मी पोरासारखा विव्हळतो. गेल्या मार्चात बंदरावर कुणीतरी मॅग्नेशियमच्या गोळ्या सुचवल्या. महिनाभर घेतल्या, पेटके निम्म्यावर आले. मी घरोघरी सांगत सुटलो.

पुतणी संख्याशास्त्र शिकते. ती म्हणाली, "काका, दुखणं अगदी टोकाला गेल्यावर तुम्ही गोळी सुरू केलीत. ते तसंही उतरलं असतं. शिवाय गुण यावा असं तुम्हाला मनापासून वाटत होतं." मला रागच आला. मग तिने खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी २००८ मध्ये पुण्यात घेतलेल्या चाचणीबद्दल सांगितलं. हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका ज्योतिषांना ओळखायला दिल्या. कोणती कोणाची हे ना त्यांना ठाऊक, ना देणाऱ्यांना. २७ जणांनी उत्तरं पाठवली, त्यातली ४६ टक्के बरोबर. नाणं उडवूनही तेवढी येतात.

माझ्या गोळ्यांचीही तशीच चाचणी घ्यायचं ठरलं. आमची वेळ सरकारनेच ठरवून दिली होती. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे ६१ दिवस. होड्या किनाऱ्यावर, रोजचं काम एकच, जाळी शिवायची. दर्यावरची दगदग हिशेबात येणार नव्हती.

मूत्रपिंड ठीक असल्याची डॉक्टरांकडून खात्री करून घेतली. पुतणीने अपारदर्शक रिकाम्या कॅप्सूल आणल्या. चार आठवड्यांच्या मॅग्नेशियमने भरल्या, चार आठवड्यांच्या तांदळाच्या पिठाने. चिठ्ठ्या टाकून क्रम लावला, आठवड्याला एक अशा आठ पाकिटांवर फक्त आकडे घातले, यादी लिफाफ्यात बंद करून वेलंकनी मातेच्या तसबिरीमागे ठेवली आणि ती हॉस्टेलवर गेली. ती जाण्याआधी मी सहज दोन कॅप्सूल तळहातावर तोलल्या होत्या. एक जड लागली! म्हणून रोज रात्री बायकोने केळ्याच्या फोडीत खुपसून कॅप्सूल भरवायची असं ठरलं.

आधीच्या पाकिटाचा असर रेंगाळतो, म्हणून आठवड्याचे पहिले दोन दिवस मोजायचे नाहीत. सगळ्यात कमी पेटक्यांचे चार आठवडे नेमके मॅग्नेशियमचे निघाले, तरच मानायचं. नुसत्या नशिबाने तसं जुळणं सत्तरात एकदा.

तिसऱ्या आठवड्यात पोट ढिलं झालं. मॅग्नेशियमने असं होतं हे मला माहीत होतं. वहीत ठसठशीत लिहिलं: 'खरी'. त्या आठवड्यात पेटकेही कमी वाटले.

२७ जुलैला लिफाफा फोडला. मॅग्नेशियमच्या आठवड्यांत ९ पेटके, पिठाच्या आठवड्यांत ८. तिसरं पाकीट पिठाचं होतं.

मी बराच वेळ वही हातात धरून बसलो. मार्चातला आराम खोटा नव्हता, त्याचं श्रेय मी चुकीच्या डबीला दिलं होतं. त्या डबीपायी शेजारच्या दोन घरांनी पैसे घातले होते, तेही माझ्या शब्दावर. त्याच संध्याकाळी वही घेऊन दोन्हीकडे गेलो.

ऑगस्टात होडी पाण्यात लोटली. चौथ्या रात्री पोटरी पुन्हा आवळली. टाच फळीवर रोवली, चवडा दोन्ही हातांनी माझ्याकडे ओढला आणि पोटरी सैल होईतो तसाच धरून ठेवला.