जव्हारचा रानभाजी महोत्सव आणि अम्मींची शेवळं

जून उजाडला की आमच्या घरी अम्मींची एक तक्रार ठरलेली. "याही वर्षी शेवळं आली नाहीत!" अम्मी म्हणजे आमच्या सासूबाई. त्यांचे माहेर भिवंडी तालुक्यातल्या एका खेड्यातले. त्यांच्या लहानपणी पहिला पाऊस पडला की डोक्यावर टोपली घेऊन एक आदिवासी बाई दारात यायची. टोपलीत शेवळांच्या जुड्या आणि बरोबर मूठभर काकडं, म्हणजे काकड नावाच्या रानझाडाची आंबट फळे. ती घातली नाहीत तर शेवळांनी घसा खाजतो. अम्मींच्या घरी शेवळं कधी खिम्यात पडायची, कधी सुकटीत. आता ती बाई येत नाही आणि बाजारात कुठे शेवळं दिसलीच तर त्यांच्याबरोबर काकडं नसतात.

म्हणून गेल्या ऑगस्टमध्ये जव्हारला रानभाजी महोत्सव आहे असे कळले तेव्हा अम्मींनी दोन पिशव्या घडी घालून पर्समध्ये ठेवल्या. नऊ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास कृषी विभागाच्या 'आत्मा' योजनेतून ठिकठिकाणी असे महोत्सव भरतात. आम्ही दोघे, अम्मी आणि आठवीतली लेक असे चौघे निघालो. भिवंडी, वाडा, विक्रमगड, जव्हार. एरवीही हा रस्ता काही कमी वेळाचा नाही आणि त्यात खड्डे आणि पाऊस. विक्रमगड सोडल्यावर मात्र घाट लागतो, भाताची खाचरे पायऱ्या-पायऱ्यांनी वर चढू लागतात आणि माणूस खड्डे विसरतो.

जव्हार साधारण दीड हजार फूट उंचीवर आहे. इथल्या राजांना 1343 साली दिल्लीच्या सुलतानाकडून मान्यता आणि 'शाह' हा किताब मिळाला, असे जुने गॅझेटियर सांगते. लेकीला हे ऐकवले तर ती म्हणाली, "आज सुट्टी आहे ना?" मग राजवाडा आणि दर्गा परतीच्या वाटेवर ठेवून आम्ही सरळ महोत्सवाच्या मांडवात शिरलो.

भाषणे चालू होती, ती सोडून देतो. खरा महोत्सव भिंतीकडेच्या टेबलांवर होता. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर अशा बायका बचत गटांच्या नावाने बसल्या होत्या. प्रत्येकीपुढे पळसाच्या पानांवर भाज्यांचे ढीग आणि खडूने नाव लिहिलेली पाटी: टाकळा, कुरडू, भारंगी, लोत, फोडशी, करटोली, घोळ, बांबूचे कोंब. शेजारी त्याच भाज्या शिजवून ठेवलेल्या. सोबत नागलीची भाकरी, वरईचा भात आणि खुरासणीच्या तेलाची फोडणी. टाकळ्याची पाने कोवळी असतानाच खुडायची, पुढे ती चरबट होतात. भारंगी उकळून पाणी टाकून द्यायचे, नाहीतर कडूपणा जात नाही. लोतही घशाला लागतो, त्याला आंबट पाला हवाच. काही कंद तर चकत्या करून, राखेच्या पाण्यात उकळून रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवल्याशिवाय खाताच येत नाहीत. हे पहिल्यांदा कोणी आणि काय काय सोसून शोधले असेल? आम्ही बी.एड. केले, वीस वर्षे शिकवतो आहोत, पण समोरच्या दहा पानांपैकी आम्हाला तीन ओळखता आली. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत न जाता गावरान बियाण्यांची बँक उभी करतात आणि 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर होते, यात नवल वाटू नये.

एका टेबलावर मोहाच्या फुलांचे लाडू होते. आमचा हात थबकला, कारण मोह म्हटले की आपल्या डोक्यात दारूच येते. विक्रेती हसली. "ताई, आंबवलं तर दारू. सुकवलं तर मनुका." बरोबरच होते तिचे. द्राक्षेही आंबवली की दारू होते, म्हणून कोणी द्राक्षे सोडत नाही. लाडू गोड होता आणि वास थोडा उग्र. लेकीने दोन खाल्ले.

अम्मी मात्र प्रत्येक टेबलापुढे एकच प्रश्न विचारत होत्या. शेवटी साठीच्या पुढच्या एका बाईने सांगितले, "शेवळं आता कुठली, आई? ती पहिल्या पावसाची. आषाढ लागला की संपली." आम्ही एकमेकांकडे पाहिले. बारा महिने फ्लॉवर आणि टोमॅटो घेणाऱ्या माणसांना भाजी 'संपते' हेच विसरायला झाले होते.

अम्मींनी मग कुरडूच्या जुड्या उचलल्या. दहाला एक. "वीसला तीन दे," अम्मी म्हणाल्या. बाजारातली सवय, दुसरे काही नाही. बाईने नाही म्हटले नाही. जुड्या सारख्या करता करता ती म्हणाली, "हे आम्ही विकत नव्हतो, आई. खात होतो. आषाढ-श्रावणात कणगी रिकामी व्हायची. नवा भात यायला दिवाळी. मधले दिवस पोरांना हेच उकडून घालायचं. कधी नुसतंच."

ती हे तक्रारीच्या सुरात बोलली नाही. पण आम्हाला आठवले की हा तोच तालुका, जिथे 1992-93 मध्ये वावर-वांगणीत शंभराहून अधिक बालके कुपोषणाने आणि आजाराने दगावली. तेव्हा आम्ही शाळेत होतो आणि वर्तमानपत्रात ते फोटो पाहिले होते. ते मृत्यू ज्या पावसाळ्यांतले, त्याच पावसाळ्यातल्या पानांचा आज मांडव घालून उत्सव होता आणि आम्ही गाडी करून ती चाखायला आलो होतो. महोत्सव वाईट नाही. त्या बाईच्या हातात चार पैसे पडतात आणि तिच्या जाणतेपणाला चारचौघांत मान मिळतो. पण भाव पाडायची ही जागा नव्हती.

अम्मींनी तीन जुड्यांचे तीस रुपये दिले आणि तिथेच बाकावर तिच्याशेजारी बसल्या. पुढचा अर्धा तास दोघी काय बोलत होत्या ते आम्ही लांबूनच पाहिले. मधूनच हातवारे, मधूनच हसू. फोडशीची गोष्ट तेवढी कानावर आली. शहरातून मागणी वाढली तशी काही माणसे फोडशी मुळासकट उपटून नेतात, मग पुढच्या वर्षी त्या जागी काही उगवत नाही. तिच्या सासूने तिला शिकवले होते ते असे: पाने खुडायची, कंद जमिनीत ठेवायचा.

परतताना राजवाडा राहिलाच. दर्ग्यापाशी पाच मिनिटे थांबलो, फातिहा पढलो आणि निघालो. अम्मींच्या पिशवीत कुरडू, करटोली, घोळ, टाकळा होते आणि कागदात बांधलेली सुकी काकडं होती. ती विकत घेतलेली नव्हती. निघताना त्या बाईने आपल्या घरच्या साठ्यातून दिली होती.

रात्री लेकीने वहीत भाज्यांची नावे लिहायला घेतली. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला उर्दू. घोळ म्हणजे कुल्फा, टाकळा म्हणजे पनवाड, एवढे आम्ही सांगू शकलो. "आणि शेवळं?" तिने विचारले. आम्ही दोघेही उर्दूचे शिक्षक आणि दोघेही गप्प. अम्मी काकडं बरणीत भरत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "शेवळंच लिही. आणि जूनच्या पानावर लिही."